संबंधानंतरचे पाच दिवस: आपत्कालीन गर्भनिरोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाईत असाल तर आधी एवढेच वाचा. संबंधाला अजून पाच दिवस (१२० तास) झाले नसतील, तर उपाय हातात आहे. त्यासाठी लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी, युलिप्रिस्टलची गोळी आणि तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) असे तीन पर्याय आहेत. सगळ्यांत खात्रीची तांबी. ती लगेच बसवून मिळत नसेल तर जी गोळी पहिल्यांदा हाती येईल ती आजच घ्या, उद्यावर टाकू नका. तीन दिवस उलटून गेले असतील, वजन ७० किलोच्या पुढे असेल, किंवा फिट्स, क्षयरोग वा एचआयव्हीची औषधे चालू असतील, तर गोळी घेण्यापूर्वी खाली त्या त्या प्रश्नाचे उत्तर पाहा.

गोळी शरीरात नेमके काय करते?

साधारण महिन्यातून एकदा बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते आणि जेमतेम १२ ते २४ तास टिकते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळे सोमवारच्या संबंधातून गुरुवारी गर्भधारणा होऊ शकते, कारण शुक्राणू आधीच पोचलेले असतात आणि स्त्रीबीज नंतर येते. गोळी हे स्त्रीबीज बाहेर पडणे काही दिवस लांबवते आणि तोवर शुक्राणू मरून जातात.

स्त्रीबीज सुटण्याआधी एलएच नावाचे संप्रेरक रक्तात झपाट्याने चढते. ते चढू लागण्यापूर्वी लेव्होनॉरजेस्ट्रेल पोटात गेली तर काम होते, चढू लागल्यावर तिचा उपयोग राहत नाही. युलिप्रिस्टल थोडी पुढपर्यंत पोचते. एलएच चढू लागलेले असले तरी ते शिखराला पोचेपर्यंत ती स्त्रीबीज रोखू शकते. स्त्रीबीज एकदा बाहेर पडले की मात्र दोन्ही गोळ्यांच्या हाती काही उरत नाही. ‘लवकर घ्या’ असे सगळे सांगतात त्यामागचे कारण हेच. गोळीची शर्यत शुक्राणूशी नसते, स्त्रीबीजाशी असते, आणि ते कोणत्या तासाला सुटणार हे कुणालाच ठाऊक नसते.

तांबीचे काम वेगळे आहे. तांब्याचे कण शुक्राणू आणि स्त्रीबीज दोघांनाही घातक असतात, शिवाय गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्याजोगे राहत नाही. म्हणून स्त्रीबीज सुटून गेल्यावरही तांबी उपयोगी पडते.

ही गर्भपाताची गोळी आहे का?

नाही. गर्भपातासाठी मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही वेगळी औषधे असतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल रुजलेला गर्भ पाडू शकत नाही. आधीच दिवस गेलेले असताना ती घेतली गेली तर गर्भ तसाच वाढतो आणि त्याला तिच्यापासून अपाय झाल्याचे आढळलेले नाही. तांबीबद्दलही हीच शंका विचारली जाते. स्त्रीबीज सुटल्यानंतर गर्भ रुजायला किमान सहा दिवस लागतात. तांबीला जी पाच दिवसांची मर्यादा घातली आहे ती यामुळेच.

कोणत्या प्रसंगी गरज पडते?

साधन वापरलेच नाही, कंडोम फाटला किंवा आत राहिला, वीर्य बाहेर सोडले पण वेळ चुकली, हे प्रसंग सगळ्यांना माहीत असतात. (कंडोम फाटण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे तेल किंवा व्हॅसलीन. लॅटेक्स त्याने काही मिनिटांत कमकुवत होते. पाण्यावर आधारित वंगण वापरावे.) पुढचे प्रसंग मात्र अनेकदा नजरेतून सुटतात:

- रोजच्या संयुक्त (दोन संप्रेरकांच्या) गोळ्यांच्या पाकिटातील पहिल्या आठवड्यात दोन किंवा अधिक गोळ्या राहिल्या, आणि त्या आठवड्यात किंवा आधीच्या गोळ्यांविनाच्या दिवसांत संबंध आला.
- तीन महिन्यांचे डीएमपीए इंजेक्शन ठरल्या तारखेपेक्षा चार आठवड्यांहून अधिक लांबले.
- तांबी निघून पडली किंवा तिचा दोरा हाताला लागेनासा झाला.
- बाळंतपणाला २१ दिवस होऊन गेले आणि अजून कोणतेही साधन सुरू नाही. २१ दिवसांच्या आत गरज नसते. गर्भपात झाला असेल तर पाचव्या दिवसापासूनच गरज पडू शकते.

‘सुरक्षित दिवस’ होते म्हणून थांबू नका. पाळीच्या हिशोबाने आणि मोबाइलमधल्या ॲपने दाखवलेला दिवस हा अंदाज असतो. एखाद्या महिन्यात स्त्रीबीज आठवडाभर आधी किंवा उशिराही सुटते.

गोळीवर कितपत भरवसा ठेवायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार युलिप्रिस्टल घेतलेल्या १,००० स्त्रियांपैकी सुमारे १२ जणींना दिवस राहतात. लेव्होनॉरजेस्ट्रेलसाठी हा आकडा १२ ते २१ आहे. तांबी बसवल्यावर हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी राहते.

गोळ्यांचे आकडे वाटतात तितके दिलासादायक नाहीत, हे लक्षात घ्या. त्या हजारांमधल्या बहुतेकींना गोळी न घेताही दिवस गेले नसते. स्त्रीबीज सुटण्याच्या बेतात असतानाच जिला संबंध आला, तिच्या बाबतीत गोळीचा भरवसा या आकड्यांपेक्षा बराच कमी धरावा. धोका मोठा वाटत असेल तर तांबीचा विचार जरूर करा. आमच्या मते स्त्रियांना सर्वांत कमी सांगितला जाणारा आणि सर्वांत चांगला उपाय तोच आहे.

मग माझ्यासाठी कोणता उपाय?

तांबी शक्य असेल आणि पुढेही गर्भनिरोधक हवेच असेल, तर प्रश्न मिटला. एकदा बसवली की प्रकारानुसार ती दहा वर्षांपर्यंत चालते.

गोळीच घ्यायची असेल तर पहिल्या तीन दिवसांत दोन्हींपैकी कोणतीही चालते. दोन पाळ्यांच्या मध्याच्या आसपासचे दिवस असतील किंवा ७२ तास उलटून गेले असतील, तर युलिप्रिस्टल सरस. लेव्होनॉरजेस्ट्रेल १२० तासांपर्यंत घेता येते, पण ७२ तासांनंतर तिचा परिणाम घसरतो आणि ९६ तासांनंतर फारसा भरवसा उरत नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना मध्येच चुकल्या म्हणून हा प्रसंग आला असेल, तर लेव्होनॉरजेस्ट्रेल घ्या. मागच्या सात दिवसांत प्रोजेस्टोजेन (गर्भनिरोधक गोळ्यांतले संप्रेरक) पोटात गेले असेल तर युलिप्रिस्टलचा परिणाम कमी होतो. दम्यासाठी पोटातून स्टेरॉइड घेणाऱ्यांनीही युलिप्रिस्टल टाळावी. आणि ‘दुहेरी खात्री’ म्हणून दोन्ही गोळ्या एकत्र कधीही घेऊ नका, कारण त्या एकमेकींचे काम बिघडवतात.

दुकानात काय मागायचे? चिठ्ठी लागते का?

हे देशोदेशी वेगळे आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेल पुष्कळ देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते, युलिप्रिस्टल काही ठिकाणी चिठ्ठीवर मिळते, तर काही देशांत येतच नाही. तांबीसाठी मात्र दवाखान्यात जावेच लागते.

मागताना ब्रँडच्या नावावर अडून बसू नका, औषधाचे नाव सांगा: “लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम, आपत्कालीन.” एवढे वाक्य पुरते. बोलायला अवघड वाटत असेल तर मोबाइलवर लिहून दाखवा. फार्मासिस्टने तीन गोष्टी विचारल्या तर त्या तुमच्या भल्यासाठीच असतात: संबंध कधी आला, मागची पाळी कधी आली, आणि दुसरी कोणती औषधे चालू आहेत. लग्न झाले आहे का, सोबत कोण आहे, याचा औषधाशी काही संबंध नाही आणि त्याचे उत्तर देणे तुमच्यावर बंधनकारक नाही.

पाकीट हातात आले की तिथेच पाहा: औषधाचे नाव, मिलिग्रॅम, मुदत संपण्याची तारीख, आणि पट्टी फोडलेली तर नाही ना. बॉक्सवर ०.७५ मिलिग्रॅम लिहिले असेल तर आत दोन गोळ्या असायला हव्यात.

दुकानात माल नसेल किंवा द्यायला नकार मिळाला, तर वाद घालण्यात वेळ घालवू नका, दुसरे दुकान गाठा. कुटुंबनियोजन केंद्रे, प्रसूतिगृहे आणि रुग्णालयांचे तातडीचे विभाग याही जागा आहेत. रात्री दुकाने बंद असतील तर रुग्णालयाचा विभाग उघडा असतो. जोडीदाराने किंवा मैत्रिणीने आणून दिली तरी चालते, फक्त तुमच्या चालू औषधांची यादी त्यांच्याजवळ द्या.

आधी तपासणी किंवा चाचणी लागते का?

गोळीसाठी लागत नाही. मागची पाळीच उशिरा आली असेल किंवा नेहमीपेक्षा फार कमी गेली असेल, तरच आधी गर्भधारणेची चाचणी करावी.

गोळी कशी घ्यायची?

१.५ मिलिग्रॅमची एक गोळी पाण्याबरोबर एकदाच. ०.७५ च्या दोन असतील तर दोन्ही एकदम घ्या. बारा तासांच्या अंतराने घेण्याची जुनी पद्धत आता पाळायची गरज नाही, शिवाय दुसरी गोळी विसरण्याची भीती उरत नाही. युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅमची एक गोळी असते. उपाशीपोटी किंवा जेवणानंतर, सकाळी किंवा रात्री, काही फरक पडत नाही. मळमळ होण्याची सवय असेल तर काहीतरी खाऊन घ्या.

उलटी झाली तर?

लेव्होनॉरजेस्ट्रेल घेतल्यावर दोन तासांच्या आत किंवा युलिप्रिस्टल घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर तीच मात्रा पुन्हा घ्या. त्यानंतर झाली तर गोळी रक्तात गेलेली असते, काही करावे लागत नाही. दुसरी मात्राही टिकत नसेल तर डॉक्टरांकडून उलटीचे औषध घ्या किंवा तांबी बसवून घ्या. दारूचा या गोळ्यांशी थेट झगडा नाही, पण दारूने उलटी झाली तर गोळी वाया जाते.

वजनाचा परिणाम होतो का?

होतो, आणि हे पाकिटावर क्वचितच ठळक लिहिलेले असते. वजन ७० किलोपेक्षा जास्त किंवा बीएमआय २६ पेक्षा जास्त असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेल कमी पडू शकते. बीएमआय म्हणजे किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी २६ ही रेषा सुमारे ६७ किलोवर येते. अशा वेळी युलिप्रिस्टल निवडावी. ती मिळत नसेल तर काही डॉक्टर लेव्होनॉरजेस्ट्रेलची दुप्पट मात्रा (३ मिलिग्रॅम) देतात. तिने अपाय होत नाही, मात्र तिचा फायदा पक्का सिद्ध झालेला नाही. ८५ किलो किंवा बीएमआय ३० च्या पुढे युलिप्रिस्टलचाही परिणाम उतरू शकतो. तांबीला वजनाने काही फरक पडत नाही.

दुसरे काहीच हाती नसेल तर वजन जास्त आहे म्हणून गोळी टाळू नका. कमी परिणाम हा काहीच परिणाम नसण्यापेक्षा चांगला.

इतर औषधे चालू आहेत, चालेल का?

काही औषधे यकृताला गोळीचा फडशा लवकर पाडायला लावतात: क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन, फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन व टोपिरामेट, एचआयव्हीवरचे इफाविरेन्झ, आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती. हा परिणाम औषध थांबवल्यावरही चार आठवडे राहतो. यांपैकी काही चालू असेल तर तांबी हाच पहिला पर्याय. ती शक्य नसेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची दुप्पट मात्रा, म्हणजे एकदम ३ मिलिग्रॅम. युलिप्रिस्टल इथे उपयोगाची नाही. सर्दी-खोकल्याची किंवा जखमेची साधी अँटिबायोटिक्स अडथळा करत नाहीत.

आपत्कालीन गोळी मिळतच नाही, घरात रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या आहेत. त्या चालतील?

नाइलाज म्हणून चालतात. पट्टीवर इथिनिल इस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम लिहिले असेल तर आत्ता चार गोळ्या आणि बारा तासांनी आणखी चार. ही पद्धत कॅनडातले डॉक्टर युझपी यांच्या नावाने १९७० च्या दशकापासून ओळखली जाते. हिने मळमळ आणि उलटी बरीच जास्त होते आणि खात्रीही कमी, म्हणून नीट गोळी मिळत असताना ती वापरू नये.

इथे चूक होते ती गोळ्या मोजताना. अनेक पाकिटांत वेगळ्या रंगाच्या सात गोळ्या लोहाच्या किंवा औषधाविना असतात. त्या मोजल्या तर काहीच साधत नाही. पट्टीवर वेगळे घटक लिहिलेले असतील तर अंदाजाने गोळ्या वाढवू नका, फार्मासिस्टला पट्टी दाखवून विचारा.

तांबी बसवताना काय होते? मूल झालेले नसेल तरी बसवता येते?

बसवता येते, मूल असण्याची अट नाही. योनिमार्गातून स्पेक्युलम नावाचे उपकरण घालून गर्भाशयाचे तोंड दिसेल असे करतात, आतली लांबी मोजतात आणि बारीक नळीतून तांबी आत सोडतात. प्रत्यक्ष काम पाच-दहा मिनिटांचे. त्या वेळी आणि नंतरचा दिवसभर पाळीसारख्या कळा येतात, काहींना जोरात येतात. वेदनाशामक आधी घेता येईल का आणि भूल देता येईल का हे मोकळेपणाने विचारा, सोसत बसू नका.

वेळेचा हिशोब असा. संबंधानंतर पाच दिवसांत कधीही बसवता येते. त्याहून उशीर झाला असेल तर दुसरी मोजणी आहे: तुमची पाळी कमीत कमी जितक्या दिवसांनी येते त्यातून १४ वजा करा, म्हणजे स्त्रीबीज सुटण्याचा सर्वांत आधीचा दिवस मिळतो. त्यात पाच मिळवा. २६ दिवसांचे चक्र असेल तर २६ वजा १४ म्हणजे १२, अधिक ५ म्हणजे १७. पाळी सुरू झाल्यापासून १७ व्या दिवसापर्यंत, त्या चक्रात कितीही वेळा संबंध आला असला तरी, तांबी बसवता येते. मात्र पाळी नियमित असेल तरच हा हिशोब लागू पडतो.

ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल, कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, गर्भाशयाचा आकार वेडावाकडा असेल किंवा विल्सन आजार (शरीरात तांबे साठण्याचा आजार) असेल तर तांबी बसवत नाहीत. सुमारे २० पैकी एका स्त्रीची तांबी आपोआप निसटते, बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत, म्हणून पाळीनंतर दोरा चाचपून पाहावा. गर्भाशयाला छिद्र पडणे हजारात एक-दोनदा घडते. पाळी जास्त जाणे आणि जास्त दुखणे हा मात्र नेहमीचा त्रास आहे.

बसवायला दोन दिवसांनंतरची वेळ मिळाली असेल तर आजच गोळी घेऊन ठेवा. ऐनवेळी तांबी बसली नाही तरी हात रिकामे राहत नाहीत.

गोळीनंतर काय त्रास होतो? पाळीचे काय?

मळमळ, डोकेदुखी, थकवा, छाती दुखरी होणे, ओटीपोटात दुखणे. एक-दोन दिवसांत जाते. पुढची पाळी आठवडाभर मागे-पुढे होऊ शकते.

गोळीनंतर तीन-चार दिवसांनी थोडे रक्त दिसले म्हणजे ‘काम झाले’ असा समज सर्वत्र आहे, आणि तो घातक आहे. ते संप्रेरकाच्या चढउताराने होणारे स्पॉटिंग असते. त्यावरून गर्भधारणा टळली की नाही हे ठरत नाही. उलट, रक्त न दिसणे ही खोट नाही.

पाळी सात दिवसांहून जास्त लांबली, किंवा नेहमीपेक्षा फारच कमी गेली, तर चाचणी करा. संबंधाला २१ दिवस झाल्यावर केलेल्या चाचणीवर विसंबता येते. त्याआधीच्या ‘निगेटिव्ह’वर नाही.

गोळी घेतल्यावर लगेच पुन्हा संबंध आला तर?

गोळी घेऊनही दिवस राहण्यामागचे हे एक मोठे कारण आहे. गोळीने स्त्रीबीज थांबवले नाही, फक्त लांबवले. ते चार-पाच दिवसांनी सुटेल तेव्हा नव्या संबंधातले शुक्राणू तिथे असतील. म्हणजे गोळी घेतल्यानंतरचे दिवस आधीपेक्षा जास्त जोखमीचे असू शकतात. पाळी येईपर्यंत दर वेळी कंडोम वापरा.

पुन्हा असुरक्षित संबंध आलाच तर गोळी पुन्हा घेता येते, अगदी त्याच चक्रातही. फक्त आधी घेतली तीच घ्या. युलिप्रिस्टल घेतल्यावर पाच दिवसांत लेव्होनॉरजेस्ट्रेल घेऊ नका.

नेहमीचे साधन कधी सुरू करू?

लेव्होनॉरजेस्ट्रेलनंतर त्याच दिवशी. संयुक्त गोळ्या, इंजेक्शन किंवा इम्प्लांट (दंडात बसवायची कांडी) असेल तर पहिले सात दिवस सोबत कंडोम. युलिप्रिस्टलनंतर मात्र पूर्ण पाच दिवस थांबा आणि मग सुरू करा. घाई केली तर नव्या गोळीतले प्रोजेस्टोजेन युलिप्रिस्टलचे काम मोडून काढते. या पाच दिवसांत आणि पुढच्या सातांतही कंडोम हवाच. तांबी बसवली असेल तर काहीच करावे लागत नाही.

वारंवार घेतल्याने वांझपण येते का?

नाही. गोळीतले औषध काही दिवसांत शरीरातून निघून जाते आणि पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होत नाही. वय कोवळे आहे म्हणूनही वैद्यकीय अडचण नाही. महिन्यातून दोन-तीनदा घेतल्यास पाळीचे वेळापत्रक विस्कटते, आणि मुख्य म्हणजे रोजच्या साधनापेक्षा खात्री खूपच कमी असल्याने कधीतरी दिवस राहतातच. दर महिन्याला गरज पडत असेल तर तुमचे नेहमीचे साधन तुम्हाला जुळत नाही असे समजा आणि ते बदला.

बाळ अंगावर पीत आहे. घेऊ का?

लेव्होनॉरजेस्ट्रेल घेता येते. बाळाला पाजून झाल्यावर लगेच गोळी घेतली तर पुढच्या पाजण्यापर्यंत बराच वेळ मिळतो. युलिप्रिस्टलच्या माहितीपत्रकात एक आठवडा दूध काढून टाकण्याची सूचना असते, म्हणून पाजणाऱ्या आईला सहसा लेव्होनॉरजेस्ट्रेल सुचवतात.

योनी धुतल्याने, लघवी केल्याने किंवा उड्या मारल्याने उपयोग होतो का?

अजिबात नाही. शुक्राणू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या तोंडाशी पोचतात. आत पाणी मारल्याने संसर्ग मात्र होऊ शकतो.

संबंध माझ्या मनाविरुद्ध झाला आहे.

चूक तुमची नाही. रुग्णालयात जितक्या लवकर जाल तितके उपाय हातात राहतात. गर्भनिरोधनासाठी वरचे पाच दिवस आहेतच. एचआयव्ही रोखणारी औषधे मात्र ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बीची लस आणि इतर लैंगिक आजारांवरचे उपचारही त्याच भेटीत मागा, कारण आपत्कालीन गोळी यांपैकी कशापासूनही वाचवत नाही. तक्रार करण्याचा विचार असेल तर शक्यतो तपासणीआधी अंघोळ करू नका आणि कपडे कागदी पिशवीत ठेवा. पण अंघोळ झाली असली तरी जा. तक्रार करायची नसली तरी उपचार मागता येतात.

डॉक्टरांकडे तातडीने कधी जायचे?

ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ, चक्कर, खांद्याच्या टोकाशी दुखणे, आणि त्याच वेळी पाळी चुकलेली किंवा विचित्र: ही गर्भनलिकेतल्या गर्भाची लक्षणे असू शकतात. गोळीने त्याचा धोका वाढत नाही, पण गोळी निष्फळ ठरलेल्या काही मोजक्या गर्भधारणा तिथे सापडतात आणि उशीर जिवावर बेतू शकतो. तांबी बसवल्यानंतर ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा वाढत जाणारी कळ असेल तरीही वाट पाहू नका.

आधीच आणून घरात ठेवली तर?

ठेवा. कंडोमवर किंवा रोजच्या गोळीवर अवलंबून असलेल्या प्रत्येकीजवळ एक पाकीट असावे. मध्यरात्री, सुटीच्या दिवशी किंवा प्रवासात जे तास दुकान शोधण्यात जातात, ते तास वाचतात. कोरड्या, उन्हापासून दूर जागी, पाकिटावर लिहिलेल्या तापमानात ठेवा. न्हाणीघर आणि गाडीचा कप्पा टाळा. पट्टी कापून सुटी गोळी ठेवू नका, मुदतीची तारीख कापलेल्या बाजूला जाते. मुदत संपायच्या दोन महिने आधीची तारीख मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा आणि तेव्हा नवे पाकीट आणा.